मागची सीट ही भिंत असते

आधी निकाल सांगतो, मग कारणं. गाडीत झोपायची सोय हवी म्हणून मागच्या सीटचे बोल्ट खोलून ती काढून टाकायची आणि तिच्या जागी प्लायवूडचं कपाट-कम-पलंग ठोकायचं, हे आपल्याकडच्या गाड्यांना आणि आपल्याकडच्या घरांना बहुतेक वेळा झेपत नाही. पलंग करा, अगदी जरूर करा. पहाटे साडेपाचला मागचं दार उघडावं आणि समोर धुक्यात बुडालेली दरी दिसावी, यासारखं सुख कुठल्याही रिसॉर्टात पैसे मोजून मिळत नाही. पण सीट राहू द्या.

या प्रकाराला इंग्रजीत 'रिअर सीट डिलीट' म्हणतात. आता डिलीट म्हटलं की आमच्या धंद्यातल्या माणसाचा हात आपोआप थांबतो. बॅकअप आहे का? परत आणता येईल का? त्या रकान्यावर दुसरं काय काय अवलंबून आहे? डेटाबेसमधली एक ओळ उडवताना आपण हे सगळं विचारतो, आणि गाडीतली वीस-पंचवीस किलोची सीट उडवताना फक्त 'जागा किती मिळेल' एवढंच बघतो. गंमतच आहे.

हे फॅड आलं कुठून ते आधी बघू. मुख्यतः अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया. अमेरिकेत टोयोटा फोररनर आणि चार दारांची जीप रँग्लर, ऑस्ट्रेलियात लँड क्रूझर. तिकडे मागची सीट काढून तिच्याच बोल्टांच्या भोकांवर बसणारी तयार पाटं विकणाऱ्या कंपन्या आहेत. त्यावर ड्रॉवर, त्यावर फ्रिज, त्यावर गादी. आणि तिकडे ते शोभतं, कारण तिकडची परिस्थितीच तशी आहे. पश्चिम अमेरिकेत केंद्र सरकारच्या मालकीची अफाट मोकळी जमीन आहे. तिच्या बऱ्याच भागात कुठेही गाडी लावून फुकट मुक्काम करता येतो, साधारण चौदा दिवसांपर्यंत. एक वस्ती सोडली की दुसरी येईपर्यंत शंभर-दीडशे किलोमीटर काहीही नाही. मग चार दिवसांचं पाणी, शिधा, इंधन, सगळं बरोबर घ्यावं लागतं. शिवाय त्या घरात दुसरी गाडी असते. फोररनरची मागची सीट गेली म्हणून कोणाचं काही अडत नाही.

आपल्याकडे? स्पितीतला, लडाखमधला काही भाग सोडा. बाकी कुठेही संध्याकाळी सातला गाडी थांबवली तर अर्ध्या तासात कोणीतरी येऊन विचारतं, "काय झालं पावनं, गाडी बंद पडली का?" पंधरा-वीस किलोमीटरवर चहाची टपरी असतेच. आपल्याला चार दिवसांचं कोठार बरोबर न्यायची गरज नाही. आपल्याला फक्त आडवं व्हायला सहा फुटांची फळी हवीये. हा फरक नीट लक्षात घेतला तर अर्धं सुतारकाम वाचतं.

उदाहरण म्हणून पाच दारांची जिम्नी घेतो, कारण हल्ली हे खूळ सगळ्यात जास्त तिच्याच मालकांना लागलंय. जून २०२३ मध्ये ती आपल्याकडे आली. लांबी ३९८५ मिमी, रुंदी १६४५ मिमी, लॅडर फ्रेम, खरंखुरं फोर बाय फोर, आणि चार सीट. पाच नाही, चार. सीट उभ्या असताना डिकी २०८ लिटर, मागच्या सीट पाडल्या की ३३२. याच्या शेजारी पाचव्या पिढीच्या फोररनरचा आकडा ठेवा: दुसऱ्या रांगेच्या मागेच ४७.२ घनफूट, म्हणजे तेराशे लिटरच्या वर. मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात हे मान्य, पण तरी केवढी तफावत आहे बघा. तिकडचा आराखडा उचलून आपल्या गाडीत आणणं म्हणजे वाड्याचा देव्हारा वन बीएचकेमध्ये बसवण्यासारखं आहे.

आणि जागेपेक्षा मोठी अडचण वजनाची. जिम्नीचं सगळं मिळून कमाल वजन (जीव्हीडब्ल्यू) १५४५ किलो. रिकाम्या गाडीचं वजन व्हेरिएंटप्रमाणे बाराशेच्या आसपास. उरले साधारण ३४०. यात तुम्ही आलात, बायको आली, की दीडशे गेले. राहिले १९०. आता प्लायवूड बघा. आठ बाय चारचा १८ मिमीचा मरीन प्लायचा एक शीट पस्तीस ते चाळीस किलो भरतो. दोन ड्रॉवर, वरचं झाकण, मधल्या उभ्या फळ्या असं सगळं १८ मिमीत केलं तर दीड शीट सहज जातो. त्यावर चॅनल, बिजागऱ्या, स्क्रू. म्हणजे अजून एक चमचाही आत ठेवलेला नाही आणि साठ-सत्तर किलो संपले. मग वीस लिटर पाणी, फ्रिज, बॅटरी, गॅस, हवा भरायचा पंप, दोरखंड... बेरीज तुम्हीच करा. काढलेल्या सीटचं वजन वजा करा हवं तर, फार फरक पडत नाही. मागचे स्प्रिंग बसतात, गाडीचं नाक वर होतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात. मग लोक म्हणतात सस्पेन्शन बदलू. म्हणजे कपाटाच्या वजनासाठी नवे स्प्रिंग. आमच्याकडे याला एका बगसाठी दुसरा बग लिहिणं म्हणतात.

पण हेही एक वेळ चालवून घेता येईल. ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो ते वेगळंच आहे.

मागची सीट फक्त बसायला नसते. ती डिकीतलं सामान आणि पुढच्या माणसांची डोकी यांच्यामधली भिंत असते. हे मी काव्यात्म अर्थाने म्हणत नाहीये, त्याची चाचणी होते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांमध्ये सीटसाठी आर-१७ नावाचा नियम आहे. त्यात एक सामानाची चाचणी आहे: मागच्या सीटच्या पाठीमागे प्रत्येकी १८ किलोचे दोन ठोकळे ठेवतात, फूट बाय फूट बाय फुटाचे, आणि ताशी ५० किलोमीटरच्या टकरीइतका झटका देतात. सीटची पाठ वाकली तर चालते, पण ठरावीक मर्यादेपुढे झुकता कामा नये आणि तिची कडी सुटता कामा नये. म्हणजे कुठल्यातरी इंजिनिअरने हिशोब करून, लोखंड वाढवून, ती पाठ मुद्दाम भिंतीसारखी केलेली असते. आणि आपण ती चार बोल्ट खोलून पोटमाळ्यावर टाकतो.

हिशोब बारावीच्या फिजिक्सचा आहे. ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळपास १३.९ मीटर. या वेगाने पुढे जाणारी वस्तू म्हणजे साधारण दहा मीटरवरून खाली आलेली वस्तू, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. वीस लिटरचा पाण्याचा कॅन तिसऱ्या मजल्यावरून तुमच्या मानेवर. गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली असं धरलं तर सरासरी वीस जी येतात, म्हणजे तो वीस किलोचा कॅन त्या क्षणी चारशे किलोसारखा ढकलतो. त्याला धरून ठेवणारी गोष्ट काय? सुताराने मारलेला पाऊण इंची स्क्रू.

मी हे अतिशयोक्तीने सांगत नाहीये. ओळखीतल्या एकाच्या थारमध्ये असा पेटारा बसवून घेतलेला मी पाहिलाय. करणारा माणूस हाताने चांगला, फिनिशिंग सुरेख, कडा गोल, सनमायका वगैरे. पण पेटारा गाडीला कसा पकडलाय? तर फ्लोअरच्या पत्र्यात चार सेल्फ-टॅपिंग स्क्रू. पत्र्याची जाडी असते जेमतेम मिलिमीटरभर. भिंतीवर कॅलेंडर लावायला हे ठीक आहे. पत्र्याच्या खाली ब्रेकचे पाइप, वायरिंग, पेट्रोलची टाकी यातलं काय कुठून जातं हे त्याने वाकून पाहिलं होतं का, असं विचारलं, तर उत्तर आलं, "आजवर काय झालं नाय साहेब." हे वाक्य आमच्या ऑफिसातही रोज ऐकू येतं, प्रॉडक्शन पडायच्या आदल्या दिवसापर्यंत.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी वकिली करतोय असं वाटेल. सीट काढण्याच्या बाजूने दोन मुद्दे खरोखर दमदार आहेत. पहिला उंचीचा. सीट पाडली तरी तिची जाडी खाली राहतेच, त्यामुळे पलंग तेवढा वर सरकतो. गाडीत रात्री नुसतं झोपायचं नसतं, पाऊस पडत असेल तर बसायचंही असतं, कपडे बदलायचे असतात. सरासरी पुरुषाला ताठ बसायला बुडापासून डोक्यापर्यंत नव्वद सेंटिमीटर लागतात. छतापासून तेवढं मोजा आणि बघा पलंग कुठे येतो ते. तिथे प्रत्येक इंच सोन्याचा असतो. दुसरा मुद्दा पकडीचा. सीटचे मूळ बोल्ट जिथे बसतात ती जागा गाडीतल्या सगळ्यात मजबूत जागांपैकी असते, कारण टकरीत सीट जागची हलू नये अशाच हिशोबाने ती केलेली असते. सीट काढलीत आणि पलंगाची लोखंडी चौकट त्याच भोकांवर, त्याच ताकदीच्या बोल्टांनी बसवलीत, आणि पुढच्या सीटच्या मागे स्टीलची जाळी घातलीत, तर ते काम इंजिनिअरिंगच्या दृष्टीने चोख आहे. मी त्याला हात जोडेन. पण असं करणारे मला फार कमी दिसलेत. भिंत काढणारे पुष्कळ, नवी भिंत बांधणारे थोडे.

आणि मग कायदा. हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळून चालत नाही. तुमच्या आरसीवर आसनक्षमता छापलेली असते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं म्हणतं की आरसीवरची माहिती आणि उत्पादकाने मुळात दिलेली माहिती यांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं: परवानगीत न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात घ्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कण्णूरला प्रवासाचे व्हिडिओ करणाऱ्या दोन भावांची व्हॅन तिथल्या मोटार वाहन खात्याने बेकायदा बदलांवरून ताब्यात घेतली तेव्हा देशभर बातम्या झाल्या. आता गस्तीवरचा हवालदार तुमची डिकी उघडून सीट मोजत बसेल का? बहुतेक नाही. पण अपघात झाला आणि विम्याचा सर्व्हेअर आला, तर तो मोजेल. त्याचं कामच ते आहे. तेव्हा आरसीवर चार आणि गाडीत दोन, हे समजावून सांगायची हौस मला नाही.

सीटची घडी घालणं मात्र बदल नव्हे. ती सोय कंपनीनेच दिलीये. गादी, फळी, खोकी हे सामान आहे, सकाळी उचललं की गाडी पुन्हा जशीच्या तशी. माझ्या सगळ्या म्हणण्याचा कणा हाच आहे.

घरचा कायदा तर आणखी कडक असतो. आमच्याकडे गाडी एकच. तीच ऑफिसला, तीच भाजीला, तीच गणपतीला गावी. मी कागदावर पलंगाचं चित्र काढत बसलो होतो तेव्हा आईने चष्म्यावरून बघून विचारलं, "आणि मी कुठे बसू रे? त्या फळीवर?" सीट काढणारे म्हणतात, लागेल तेव्हा परत बसवायची की, तासाभराचं काम. अहो, रविवारी सकाळी मावशीला स्टेशनवर आणायला निघताना कोण तासभर पाना फिरवणार आहे? आणि ते बोल्ट नुसते हाताला लागतील तसे आवळून चालत नाही, त्यांना ठरलेला टॉर्क असतो. आज घाईत अर्धवट आवळलेल्या सीटवर उद्या आपलीच माणसं बसणार. मला नाही पटत.

मग करायचं काय? माझं उत्तर: दिवसा सीट उभी, रात्री आडवी.

म्हणजे असं. पलंग एकसंध करायचाच नाही. १२ मिमी प्लायचे तीन तुकडे करायचे. दिवसा हे तिन्ही तुकडे एकमेकांना चिकटवून, उभ्या सीटच्या पाठीला टेकवून डिकीत उभे ठेवायचे आणि डिकीतल्या हुकांना पट्ट्याने आवळायचे. टेकवून हा शब्द महत्त्वाचा आहे. सीटला आधीच टेकलेली वस्तू टकरीच्या वेळी वेग घेऊन आपटत नाही. दीड फूट मोकळी जागा असलेली वस्तू आपटते. रात्री सीट पाडायची, मधला तुकडा तिच्या पाठीवर, मागचा तुकडा डिकीच्या फ्लोअरवर पायांवर, आणि पुढचा तुकडा बिजागरीने पुढे उघडून पुढच्या सीटच्या मागे जिथे पाय ठेवतो त्या खड्ड्यावर, त्याला खाली एक घडीचा पाय. जिम्नीत सीट पाडल्यावर ती आणि डिकी एका पातळीत येत नाही, पायरी राहते, म्हणून मागच्या तुकड्याचे पाय त्या पायरीइतके उंच. पुढच्या सीट पूर्ण पुढे सरकवल्या की तुमची उंची बसायला हवी. बसत नसेल तर तिरकं झोपा, पण रुंदी एवढी कमी आहे की तिरकं झोपलं की दुसऱ्याने बाहेर तंबूत जायचं. दोघं असाल तर एका कुशीवर, आणि कूस बदलायची तर दोघांनी मिळून. :)

कंपनी पुढची सीट जवळजवळ सपाट करून मागच्या बैठकीला जोडायची सोय देते ना, मग हे कशाला, असं कोणी म्हणेल. एक रात्र झोपून बघा. सीट बसायला केलेली असते, तिचे उंचवटे बसलेल्या माणसाच्या मांड्यांना धरून ठेवायला असतात. तेच रात्रभर कमरेत रुततात. दुपारी तासभर पडायला ठीक आहे.

वजनाचा हिशोब बघा. सव्वातीन फूट रुंद, साडेपाच फूट लांब, म्हणजे सुमारे पावणेदोन चौरस मीटर. १२ मिमी प्ला‍यचे ते होतात तेरा-चौदा किलो. पाय, बिजागऱ्या धरून अठराच्या आत बसवा. खाली दर सव्वा-दीड फुटावर आधार असला तर १२ मिमी माणसाला पुरतो, त्याला १८ ची गरज नाही. दुकानदार १८ च घ्या म्हणेल, सुतार तर म्हणेलच, कारण त्याला कपाटाची सवय. प्लाय मात्र आयएस ७१० चा, म्हणजे मरीन घ्या. आयएस ३०३ मधला एमआर ग्रेडचा साधा प्लाय एका पावसाळ्यात कडांना फुगतो, कारण ओले बूट, ओला रेनकोट, सगळं त्याच्यावरच पडणार. कडांना दोन हात पॉलिश जास्त. सनमायका नको, घसरतो आणि वजन वाढवतो. वर चटईसारखं कार्पेट आणि दीड-दोन इंची घट्ट फोम, पुरे. पाय प्लायचेच चालतात. ॲल्युमिनियमची खाचांची चौकट दिसायला झकास, पण ४० बाय ४० ची मीटरला दीड-पावणेदोन किलो भरते आणि खिशालाही जड.

ड्रॉवर नकोतच. माझं हे मत कोणाला आवडत नाही. सुताराने पहिलाच प्रश्न विचारला होता, "किचन ट्रॉलीचे चॅनल टाकू ना दादा?" हे टेलिस्कोपिक चॅनल घरात उत्तम चालतात, त्यांच्यावर पस्तीस-चाळीस किलो लिहिलेलं असतं. पण ते वजन स्थिर ट्रॉलीचं, सपाट फरशीवरचं. ताम्हिणीच्या चढावर गाडीचं नाक वर झालं की कडी नसलेला ड्रॉवर आपणहून मागे येतो आणि दाराला आतून धडका देत राहतो. खडकाळ रस्त्यावर बॉल बेअरिंगांत धूळ जाते, चॅनल वाकतो, मग तो उघडतही नाही आणि बंदही होत नाही. त्यापेक्षा मंडईतले भाजीचे प्लॅस्टिकचे क्रेट घ्या, ६०० बाय ४०० मिमीचे. हलके, धुता येतात, फुटला तर दुसरा कुठल्याही गावात मिळतो. एक स्वयंपाकाचा, एक हत्यारांचा. मुक्कामी पोचलं की क्रेट उचलून बाहेर ठेवायचा, स्वयंपाक बाहेर. जिम्नीचं मागचं दार बाजूला उघडतं, वर उघडणाऱ्या दारासारखं डोक्यावर छप्पर मिळत नाही, तेव्हा पावसात डिकीत शेगडी मांडायचं चित्र व्हिडिओतच ठेवा. एक ताडपत्री बरोबर असू द्या.

जड वस्तूंची जागा एकच: पुढच्या सीटच्या मागचा पायाकडचा खड्डा. पाण्याचा कॅन, बॅटरी, हत्यारं तिथे. गाडीतली ती सगळ्यात खालची जागा, दोन्ही आसांच्या मधली, आणि पुढे लगेच सीटची पाठ, त्यामुळे वस्तूला वेग घ्यायला जागाच नाही. मधे रिकामं राहिलं तर चादर कोंबा. खिडक्यांच्या वर, छताच्या कडेला जाळीचे कप्पे किंवा कपाटं लावायचा मोह होतो, तो आवरा. तिथे पडद्यासारख्या एअरबॅग असतात. उघडताना त्या तुमचा टॉर्च आणि मसाल्याचा डबा गोळीसारखा फेकतील.

एकट्याने फिरणाऱ्यांना तर आणखी सोपं आहे. सीट पन्नास-पन्नास पडते. डावी अर्धी पाडा, तिच्यावर एकाच्या रुंदीची फळी, आणि उजवी, म्हणजे ड्रायव्हरच्या मागची, उभीच ठेवा. पलंग कायम मांडलेला आणि तुमच्या डोक्यामागची भिंतही जागेवर. डाव्या बाजूला मोकळी फळी असताना तिच्यावर काही ठेवून गाडी चालवायची नाही, एवढं पाळा. गादी आणि उशी, बस्स.

फळ्या कापायच्या आधी पुठ्ठा कापा. फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाबाहेर फुकट मिळतो. व्हील आर्चचा वळसा, दारांचे बेल्टचे खांब, सगळं पुठ्ठ्यावर उतरवून, तो गाडीत मांडून त्यावर प्रत्यक्ष झोपून बघा, मधला पुठ्ठा दबेल तर दबू दे. आणि दिवसा झोपून बघू नका. रात्री, दार लावून, जोडीदाराला शेजारी घेऊन बघा. मागचं दार आतून उघडतं का तेही तेव्हाच कळेल. नसेल तर बाजूच्या दाराशी जायची वाट फळीने अडवू नका.

आणि रात्रीचं एक. इंजिन चालू ठेवून, एसी किंवा हीटर लावून झोपायचं नाही. कितीही थंडी असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि सायलेन्सरचं तोंड बर्फात, वाळूत किंवा बांधाला टेकलेलं असेल तर तो थेट आत येतो. दोन्ही बाजूंच्या काचा दोन-दोन बोटं उघड्या, वर रेन व्हायझर, आतून मच्छरदाणीचा तुकडा लोहचुंबकाने लावलेला. काचा पूर्ण बंद केल्या तर दोन माणसांच्या श्वासाचं आणि घामाचं रात्रभरात अर्धा लिटरभर पाणी होतं, ते सगळं काचांवर, पत्र्यावर आणि तिथून गादीत. म्हणून सकाळी गादी उलटी करून ऊन दाखवायचं आणि काचा पुसायला एक जुना पंचा दाराच्या कप्प्यात कायमचा ठेवायचा. मायक्रोफायबरची महागडी फडकी घेऊन झाली माझी. पंच्याइतकं पाणी कुणी ओढत नाही.